गांडुळं वर चढली म्हणून डबा उपसू नकोस

प्रिय मंदार,

तुझं पत्र आत्ताच वाचलं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं गांडूळखत करायच्या डब्यात झाकणाच्या आतून गांडुळं चिकटलेली दिसली म्हणून सगळा डबा रिकामा करून नव्याने भरायचा तुझा बेत आहे. तो थांबव. गांडुळं कुठे बसली आहेत, हेच त्यांचं सांगणं असतं. उपसलंस तर ते पुसलं जाईल, आणि बिघडलं काय होतं हे कधीच कळणार नाही.

आधी किती आहेत ते बघ. चार-सहा असतील तर सोडून दे. गांडूळ त्वचेने श्वास घेतं, त्यामुळे त्वचा ओली राहील तिथे ते बिनधास्त फिरतं. झाकणाला आतून वाफेचं पाणी धरलं की रात्री तिथेही फेरी होते. नवीन आणलेली गांडुळं तर सुरुवातीचे काही दिवस भटकतातच. पण झुंडीने वर आली असतील, तर खाली राहणं त्यांना अशक्य झालंय.

मग मधलं खत मुठीत घेऊन दाब. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त झालंय. पाणी साचलं की हवेच्या जागा बुजतात, प्राणवायू संपतो आणि कुजकट वास सुटतो. आंबट वास आला तर एकाच जागी फार खाणं पडून ते आंबलंय. हात घातल्यावर ऊब लागली तर ओल्या कचऱ्याचा ढीग तापलाय. आपल्या डब्यातली लाल गांडुळं, म्हणजे आयसेनिया फेटिडा, साधारण १५ ते २५ अंशांत सुखी असतात. ३५ च्या पुढे मरू लागतात. तिन्हींवर उपाय जवळपास एकच आहे: आंबलेलं खाणं काढ, पुठ्ठ्याचे कोरडे तुकडे मिसळ, हाताने हलकेच मोकळं कर आणि काही दिवस नवीन काही घालू नकोस. रात्री झाकण उघडं ठेवून वर दिवा लाव. उजेड नको म्हणून ती खाली जातील, मात्र खालची जागा राहण्याजोगी केल्यावरच हे कर. नाहीतर बिचारी दोन्हीकडून कोंडली जातील.

गांडुळाला डोळे नसतात, तरी त्वचेतल्या पेशींना उजेड कळतो. तांबडा प्रकाश मात्र फारसा जाणवत नाही. म्हणून टॉर्चला लाल कागद बांधून रात्री एकदा नुसता बघत बस. एकच गांडूळ निवड. पुढचं टोक बारीक होऊन लांबतं, बारीक केसांनी जमीन धरतं आणि मागचं अंग ओढून घेतं. सालीपाशी आलं की टोकाने चाचपतं, आणि साल ताजी असेल तर सरळ वळून जातं. त्याला दात नाहीत. कुजून मऊ झालेला भाग आणि त्यावर वाढलेले जिवाणू व बुरशी हे त्याचं खाणं, आणि ते दळायला पोटात मातीचे कण लागतात. ‘टाकलेलं खातच नाहीत’ ही तुझी तक्रार इथेच सुटते. साली बारीक चिरून घाल, अंड्याच्या टरफलांची पूड भुरभुरव, आणि धीर धर.

एका कोपऱ्यातल्या गांडुळांच्या गुंत्याबद्दलही विचारलंयस. गुंत्याच्या मध्यभागी खाणं असेल तर ती जेवतायत. खाणं नसेल आणि बाकीचा डबा ओस असेल, तर तेवढाच कोपरा चांगला उरलाय. गांडुळं एकमेकांना स्पर्शून जायची दिशा ठरवतात, असं २०१० साली बेल्जियममधल्या संशोधकांनी याच जातीवर दाखवलं. मला हे फार विलक्षण वाटतं. आणि डार्विनने गांडुळांच्या कुंड्या पियानोवर ठेवून पाहिलं होतं: हवेतून येणाऱ्या आवाजाला ती बधली नाहीत, पण सूर वाजवून लाकूड थरथरताच बिळांत शिरली. तेव्हा तुझा डबा वॉशिंग मशीनशेजारून आजच हलव.

पांढरे, दोऱ्यासारखे बारीक किडे दिसले तर ती पिल्लं समजू नकोस. ते वेगळे जीव आहेत, निरुपद्रवी आहेत, पण डबा ओला आणि आंबट झाल्याची खूण म्हणून त्यांच्याकडे बघ. गांडुळाची पिल्लं जन्मतःच लालसर असतात. कोष लिंबाच्या आकाराचे, पिवळसर, तांदळाच्या कणीएवढे असतात आणि एकातून बहुधा एकाहून जास्त पिल्लं निघतात. खत चाळताना ते सापडले तर परत डब्यात टाक, आणि मूठ दाबल्यावर काय निघालं ते मला लगेच कळव.

तुझा,
निखिल