ओझ म्हणजे डोरोथीचे स्वप्न नव्हे

महोदय,

वावटळीने ओझ नावाच्या अद्भुत देशात जाऊन पडलेल्या डोरोथी या मुलीची ‘विझर्ड ऑफ ओझ’ ही गोष्ट मुलांना सांगताना शेवटी ती झोपेतून जागी होते आणि सारे स्वप्नच होते, असे हमखास सांगितले जाते. हा शेवट १९३९ च्या चित्रपटाचा. एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० च्या मूळ पुस्तकात डोरोथी परतते ती अमेरिकेतल्या कॅन्ससच्या माळावर, आणि समोर हेन्रीकाकांनी बांधलेले नवे घर असते, कारण जुने घर वावटळीने खरोखरच ओझमध्ये नेऊन टाकलेले असते. तिला परत आणणारे जादूचे चंदेरी बूट वाटेत वाळवंटात गळून पडलेले, पायांत नुसते मोजे. सहाव्या पुस्तकात (१९१०) तर या नव्या घरासाठी काढलेले कर्ज फिटत नाही, म्हणून काका-काकू कायमचे ओझमध्ये राहायला जातात. स्वप्नात कोणी बिऱ्हाड हलवत नाही.

बॉम यांना ओझ खरे का वाटावे? सासूबाई माटिल्डा जोस्लिन गेज १८८५ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटी या सर्व धर्मांमागचे गूढ ज्ञान शोधणाऱ्या संस्थेच्या सभासद झाल्या होत्या. बॉम यांनी १८९० मध्ये डकोटातील ॲबर्डीन येथे साप्ताहिक चालवायला घेतले, तेव्हा पहिल्याच अंकात थिऑसॉफीची ओळख करून दिली आणि पुढे निसर्गतत्त्वांत वावरणाऱ्या अदृश्य जीवांविषयीही लिहिले. सप्टेंबर १८९२ मध्ये ते व पत्नी मॉड शिकागोतील शाखेत दाखल झाले. त्या शाखेचे नाव होते ‘रामायण’! डोळ्यांना दिसते तेवढेच जग नव्हे, ही धारणा पहिले ओझ लिहिण्याआधीच पक्की झालेली होती. तिसऱ्या पुस्तकातील ‘नोम’ हे भूगर्भातले अद्भुत जीव याच धारणेतून आले, असे मला वाटते. चांगल्या चेटकिणींचे मूळ मात्र मी गेजबाईंकडेच शोधीन; चेटकीण ठरवून स्त्रियांचा छळ कसा झाला, हे त्यांनी १८९३ च्या ग्रंथात मांडले होते.

ओझची राजधानी असलेल्या पाचूनगरीचा प्रसंग बारकाईने वाचावा. द्वारपाल प्रत्येकाला, अगदी टोटो कुत्र्यालाही, हिरवा चष्मा चढवतो आणि डोक्यामागे किल्लीने कुलूप लावतो. शहरात डोरोथीला हिरवा रेशमी झगा मिळतो. वेशीबाहेर येऊन चष्मा उतरल्यावर पाहते तर तो पांढराशुभ्र! टोटोच्या गळ्यातली फीतही पांढरी. मायेची कल्पना मुलांना इतक्या सोपेपणाने क्वचितच कोणी समजावली असेल. चित्रपटात हा चष्मा नाहीच. तिथला विझर्ड, म्हणजे जादूगारही, डोरोथी आणि तिचे तीन सोबती अशा चौघांना चार रूपांत दिसतो: प्रचंड मस्तक, सुंदर स्त्री, भयंकर श्वापद, आगीचा गोळा. संक्षिप्त आवृत्त्यांत पानांच्या हिशेबापायी चारांतली तीन दर्शने उडतात आणि एकाच माणसाची ही चार रूपे होती, हा धक्काच नाहीसा होतो.

उलट टोकाची चूकही टाळावी. हा बूट म्हणजे अमुक तत्त्व, तो रस्ता म्हणजे तमुक साधना, अशी कोष्टके मांडू नयेत. १९६४ मध्ये हेन्री लिटलफिल्ड या अमेरिकन शिक्षकाने याच गोष्टीत सोने-चांदीच्या चलनाचे राजकारण दाखवले, तेही असेच लोकांच्या गळी उतरले. प्रस्तावनेत बॉम केवळ मुलांच्या आनंदासाठी लिहिल्याचे सांगतात, आणि त्यावर विश्वास ठेवायला हवा. श्रद्धा त्यांच्या गोष्टीत उपदेश म्हणून येत नाही, त्या जगाचे नियम म्हणून येते.

म्हणून रूपांतरकारांना विनंती: पाने कमी करायची तर मधली वाटचाल कापा, चष्म्याचे कुलूप, पांढरा झगा, विझर्डची चारही रूपे आणि काकांचे नवे घर मात्र राहू द्या.

– एक वाचक