डोंगर खचण्याआधी आमदारांनी बोलावे

महोदय,

पश्चिम घाटाबाबत गाडगीळ समितीने २०११ साली आणि कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली अहवाल दिला. त्यानंतर केंद्राने तिथल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे काढले, त्यांतला सहावा केरळमधील वायनाडच्या दरड दुर्घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी. दरम्यान माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी ही गावे दरडींखाली गाडली गेली.

आमच्या गावात डोंगराचा पायथा जेसीबीने उभा कापून रस्ता काढला, तेव्हापासून पावसाळ्यात विहिरीला तांबडे पाणी येते आणि पावसाने जोर धरला की खालच्या वाडीतली माणसे अंथरुणे घेऊन देवळात झोपायला येतात. या अधिसूचनेला ग्रामस्थांचाच विरोध आहे, असे लोकप्रतिनिधी सांगतात; परंतु मसुद्यातली बंदी खाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक प्रकल्प आणि मोठी बांधकामे यांवर आहे, राहत्या घराच्या दुरुस्तीवर नाही, हे गावोगावी समजावून सांगणे त्यांचेच काम होते, आणि ते झाले नाही याचे फार वाईट वाटते.

कोकणातल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात दरडप्रवण वाड्यांचे पुनर्वसन आणि उतारावरील खोदकामापूर्वी भूवैज्ञानिक तपासणी, या दोन गोष्टींसाठी निधी व निश्चित मुदत मागावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, महाड तालुका