‘स्वतः बसवा’ म्हणून विकलं, ‘स्वतः का बसवलं’ म्हणून नाकारलं : कॅम्पर ट्रेलरच्या सोलर किटबद्दल तक्रार पत्र

नागपूर
दिनांक : १८ जून २०२४

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ट्रेलरसाठी घेतलेल्या सोलर किटमध्ये एमपीपीटीच्या नावाखाली पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत भरणारा डबा; दोन्हींतला फरक पुढे सांगितला आहे) दिल्याबद्दल आणि वॉरंटी नाकारल्याबद्दल.

संदर्भ : मार्चमधलं आपलं बिल आणि ५ जूनचं आपलं उत्तर.

महोदय,

आपल्या उत्तरात वॉरंटी नाकारण्याची दोन कारणं दिली आहेत. पहिलं, किट ‘अधिकृत तंत्रज्ञाकडून’ बसवून घेतलं नाही. दुसरं, ‘आपल्या शहरात ५६ अंश तापमानाची नोंद झाल्याच्या बातम्या आहेत, अशा हवामानात उपकरणाची क्षमता घटू शकते.’ दोन्ही कारणं मला मान्य नाहीत. आधीच्या मेलला चार ओळींचं साचेबंद उत्तर आलं होतं. या पत्राला तसं येऊ नये म्हणून आकडे हाताशी घेऊन लिहितो आहे.

आधी अधिकृत तंत्रज्ञाचं बघू. आपल्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘स्वतः बसवा, मिस्त्रीची गरज नाही’. आत ॲलन की आहे, छताला भोक पाडायचा कागदी साचा आहे, वायरींना चिकटवायचे नंबरसुद्धा आहेत. वेबसाइटवरच्या व्हिडिओत एक तरुण जोडपं हसत हसत दुपारभरात सगळं किट बसवतं. त्या दोघांना आपण कोणतं अधिकारपत्र दिलं होतं? विकताना ग्राहक हुशार आणि बिघडल्यावर तोच अडाणी, हा हिशेब मला समजत नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर माझी सगळी नोकरी वीज खात्यात, त्यातलीही बरीचशी मीटर टेस्टिंगमध्ये गेली. पण मी शिवणकाम करणारा असतो तरी आपली जबाबदारी तीळभर कमी झाली नसती, कारण बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर तंत्रज्ञाची अट कुठेही नाही. दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

माझा ट्रेलर लहान आहे, एका एक्सलचा, बोलेरोमागे ओढायचा. सांगाडा हिंगण्याच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला, आतलं बाकी सगळं मी केलं. बॅटरी आणि पाण्याची टाकी एक्सलच्या पुढे घेतली आहे, म्हणजे एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकवर राहतो आणि ट्रेलर हायवेवर शेपूट हलवत नाही. हे सांगतो आहे ते कौतुकासाठी नाही. आपल्या पुढच्या पत्रात ‘चुकीची मांडणी’ हे तिसरं कारण येऊ नये, एवढ्यासाठी.

छतावर ३३५ वॅटचं ७२ सेलचं पॅनल आहे, घराच्या गच्चीवर लावतात तेच. हे पॅनल घ्यायच्या आधी मी आपल्याला मेल करून विचारलं होतं की पॅनल ३८ व्होल्टवर काम करणारं आणि बॅटरी १२ व्होल्टची, तर चालेल का. आपलं उत्तर जपून ठेवलंय : ‘आमचा कंट्रोलर एमपीपीटी आहे, ५० व्होल्टपर्यंतचं कोणतंही पॅनल चालेल, जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलले जातील.’ बॅटरी लिथियम फॉस्फेटची, १०० अँपिअर-अवरची. ती इथल्याच दुकानातून घेतली आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

घोटाळा लक्षात आला तो मे महिन्यात. देवलापारच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतात मुक्काम होता. पहाटे फ्रिज बंद पडलेला दिसला, बॅटरी रिकामी होऊन बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) लाइन तोडलेली. फ्रिजमध्ये सौ.च्या इन्सुलिनची पेनं होती. ती दोन ते आठ अंशांत ठेवायची असतात आणि बाहेर उजाडायच्या आधीच तिशी ओलांडलेली. बर्फ आणायला मनसरपर्यंत गाडी पिटाळावी लागली. आता हिशेब बघा. आमच्या उन्हात फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, तो आणि एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा मिळून दिवसाला साधारण हजार वॅट-अवर खातात. आपण म्हणता तसा एमपीपीटी असता, तर पॅनलने एवढं आरामात भरून दिलं असतं. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपासच भरत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बॅटरी बसणारच.

घरी आल्यावर मीटर काढलं. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. मे अखेरीस नागपुरात दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस याच सुमारास येतो. त्यामुळे छतावर आडवं ठेवलेलं पॅनल पूर्ण उन्हात होतं आणि ‘कोन चुकला’ म्हणायलाही जागा नाही. बॅटरी अर्धी रिकामी होती, म्हणजे जितकं येईल तितकं घ्यायला ती तयार होती. डीसी टाँग टेस्टर (वायर न कापता अँपिअर मोजणारं मीटर) आधी पॅनलच्या वायरला लावला, मग बॅटरीच्या. पॅनलकडून ८.६ अँपिअर येत होते, बॅटरीकडे ८.५ जात होते. बॅटरी १३.४ व्होल्टवर होती आणि पॅनल, जे तीसच्या वर असायला हवं, ते १३.९ व्होल्टवर येऊन बसलं होतं.

आपल्या तांत्रिक विभागाला यापुढे काही सांगायची गरज नाही, पण हे पत्र जो कारकून पहिल्यांदा उघडेल त्याच्यासाठी लिहितो. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे नुसता भरभर चालू-बंद होणारा स्विच. तो पॅनल सरळ बॅटरीला जोडतो, पॅनलचे व्होल्ट बॅटरीइतके खाली खेचले जातात आणि अँपिअर आले तितकेच पुढे जातात. एमपीपीटी कंट्रोलर पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टवर चालू देतो आणि ते व्होल्ट उतरवून त्या बदल्यात अँपिअर वाढवून देतो. म्हणून खऱ्या एमपीपीटीत बॅटरीकडचे अँपिअर पॅनलकडच्यापेक्षा जास्त दिसायलाच हवेत. दोन्हीकडे सारखेच दिसले, तर आत स्विच आहे, बाहेर काहीही छापा.

एवढ्यावर न थांबता एका मित्राचा खरा एमपीपीटी कंट्रोलर आणला. तीच दुपार, तेच पॅनल, तीच बॅटरी आणि तीच वायर. पॅनल ३१ व्होल्टवर गेलं, तिकडून ८.४ अँपिअर आणि बॅटरीकडे १८.८. म्हणजे आपल्या डब्यातून ११४ वॅट, त्याच्यातून २५० च्या वर. दोन्ही वेळचे फोटो मीटरच्या आकड्यांसकट जोडले आहेत.

आता आपलं उन्हाचं कारण. ऊन आम्हाला नवीन नाही, आणि उन्हाने पॅनल मार खातं हेही खरं आहे. पॅनलवर लिहिलेले वॅट हे सेल २५ अंशांवर असतानाचे असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट धरतात. ट्रेलरच्या पत्र्यावर सेल ७० अंशांपर्यंत तापले असं धरलं, तर ४५ अंशांची १८ टक्के घट झाली. ३३५ चे २७५ वॅट राहिले. म्हणजे नागपूरच्या उन्हाने खाल्ले साठ. उरलेले एकशेसाठ कुणी खाल्ले, ते आपण सांगावं. दुसऱ्या कंट्रोलरला हेच ऊन लागत होतं, त्याला ते कसं बाधलं नाही?

राहिली ५६ अंशांची बातमी. मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर तो आकडा दिसला होता, हे खरं. पण हवामान खात्याने तपासणी करून सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं, तीही बातमी सगळ्या पेपरांत आली होती. आकडा पटला नाही तेव्हा त्यांनी स्वतःचं यंत्र तपासलं, नागपूरकरांना दोष दिला नाही. आपणही तेवढं केलं असतं, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आपलं नकाराचं उत्तर आल्यानंतरच मी कंट्रोलर उघडला. सील तोडल्याचा मुद्दा आता काढू नये, वॉरंटी आपण आधीच नाकारली होती. मानेवाडा रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो होतो. त्याने झाकण काढून आत बघितलं आणि म्हणाला, ‘‘काका, हा तं निरा खाली डब्बा हाय ना जी. कॉइल कुठं हाय याच्यात?’’ पोराचं बरोबर होतं. व्होल्ट उतरवून अँपिअर वाढवायचे तर तांब्याची जाड गुंडाळी असलेली कॉइल लागते, ती लांबूनही नजरेत भरते. इथे ओळीने काही मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), दोन कपॅसिटर, एक डिस्प्लेची पट्टी आणि बाकी मोकळी जागा. डिस्प्लेवर मात्र ‘एमपीपीटी’ अक्षरं लुकलुकतात. ती अक्षरं प्रोग्राममध्ये घातलेली आहेत, म्हणजे हा चुकून झालेला प्रकार नाही.

एकदा शंका आली म्हणून वायरही बघितली. ‘शुद्ध तांबं’ असं जिच्यावर छापलंय, त्या इन्व्हर्टरच्या जाड केबलची एक तार ब्लेडने खरवडली. वरचा लालसर रंग गेला आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम. इन्व्हर्टर पूर्ण लोडवर ऐंशी-नव्वद अँपिअर ओढतो. तेवढ्या करंटला ॲल्युमिनियमची तार लगमध्ये (केबलच्या टोकाच्या धातूच्या टोपणात) हळूहळू ढिली होते, जोड तापतो आणि तापला की आणखी ढिला होतो. माझ्या केबलचा बॅटरीकडचा लग काळा पडलेला होता.

आणि याहून गंभीर गोष्ट आपल्या पुस्तिकेच्या आकृतीत आहे. तिथे मुख्य फ्यूज इन्व्हर्टरच्या तोंडाशी दाखवलाय. फ्यूज असतो वायरीच्या रक्षणासाठी, तो बॅटरीच्या टर्मिनलपासून हातभराच्या आत पाहिजे. आपल्या आकृतीप्रमाणे जोडलं तर बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची अख्खी केबल उघडी पडते. ट्रेलर हादरतो, केबल पत्र्याच्या कडेला घासते, एक दिवस तिचं कव्हर फाटतं, आणि लिथियम बॅटरी शॉर्टमध्ये किती करंट सोडते हे आपल्याला माहीत असेल. लोक त्या डब्यात झोपतात, लेकरं झोपतात. मी आकृती न मानता फ्यूज बॅटरीपाशीच बसवला. पण ज्यांनी पुस्तिकेवर विश्वास ठेवला, त्यांना आपण कळवायला हवं. हे काम माझ्या पैशांच्या आधी करा.

छताच्या खिडकीबद्दल फार लिहीत नाही. किटसोबत दिलेलं साधं सिलिकॉन पहिल्याच अवकाळी पावसात सुटलं. ते सगळं खरवडून खाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावली, आता थेंब येत नाही. तेवढी टेप आपणच खोक्यात टाकली असती तर काय बिघडलं असतं?

माझं म्हणणं सरळ आहे. किटचे ३४,९०० रुपये पूर्ण परत करावेत आणि माल आपल्या खर्चाने घेऊन जावा. कंट्रोलर बदलून देण्याचा प्रस्ताव आपल्या माणसाने फोनवर मांडला होता, तो मला नको. बदलून येणाऱ्या डब्यातही हेच निघणार नाही याची खात्री मी किती वेळा मीटर लावून करायची? त्याशिवाय वेबसाइटवरचा ‘एमपीपीटी’ आणि ‘शुद्ध तांबं’ हा मजकूर काढावा, आणि हे किट घेतलेल्या सगळ्यांना फ्यूजची दुरुस्त आकृती पाठवून त्याची प्रत मलाही द्यावी.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगून तो विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि वेबसाइटवरची जाहिरात कलम २(२८) खाली दिशाभूल करणारी ठरते. फ्यूजच्या आकृतीसाठी कलम ८४ वाचावं, वापराच्या अपुऱ्या सूचनांमुळे नुकसान झालं तर उत्पादकाची जबाबदारी काय ते त्यात आहे. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत या तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. ते झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि नागपूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. आपलं ऑफिस कुठल्याही शहरात असलं तरी कलम ३४ प्रमाणे मी राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. सेवानिवृत्त माणूस आहे, तारखांना हजर राहायला मला अडचण नाही.

बिल, वॉरंटी कार्ड, आपला पॅनलबद्दलचा मेल, मीटरचे आणि उघडलेल्या कंट्रोलरचे फोटो, खरवडलेल्या तारेचा तुकडा आणि पुस्तिकेतल्या आकृतीची झेरॉक्स सोबत आहे. माल न्यायला माणूस पाठवाल तर आदल्या दिवशी फोन करावा. कंट्रोलरचे चारही स्क्रू पिशवीत घालून त्याच्याच खोक्यात ठेवले आहेत. खोकं देताना वजन आणि नग लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ते हातातून सोडणार नाही.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि बिल क्रमांक सोबतच्या प्रतीवर)