रविवारची मीटिंग, विषय बालहक्क आयोग

सगळ्या बालवाडी ताईंना नमस्कार, येत्या रविवारी सकाळी ११ ला मंगळवार पेठेतल्या आपल्या बालवाडीतच बसायचंय, राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाला निवेदन द्यायचंय ते फायनल करायला.

मागच्या वेळी निम्म्या जणी म्हणत होत्या तिथं काय पुढारीच बसणार, तर तसं नाही हो, २००५ च्या कायद्यात स्पष्ट आहे, १ अध्यक्ष आणि ६ मेंबर, त्यात २ तरी बायका पाहिजेत, टर्म ३ वर्षं, आणि शिक्षण, बालआरोग्य, बालमानसशास्त्र असल्या कामाचा अनुभव लागतो. म्हणजे आपलं बोलणं कळणारी माणसं असायला पाहिजेत.

मुद्दा एकच, शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाचा, आपल्या ३ ते ६ च्या पोरांसाठी कलम ११ आहे पण तिथं सरकार सोय 'करू शकेल' एवढंच लिहिलंय. शाहू महाराजांनी १९१७ लाच प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि आपण अजून 'शकेल' वरच!

येताना
- पटावरची मुलं किती ते लिहून आणा
- अडचणी एका कागदावर, पोरांची नावं अजिबात नकोत
- ११ म्हणजे ११, चहा नंतर

येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका.