'कत'पासून समेपर्यंत

ती. तबलेवाले काका,
सा. न.

काका, संगीत घेऊन बी.ए. झाले. राहिलेलं प्रात्यक्षिकही सुटलं. निकाल सांगायला दुकानात आले तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती. तुम्ही तबल्याच्या पुडीची, म्हणजे तोंडावरच्या कातड्याची, वादी ओढत होता. "बरं झालं की पोरी," एवढं म्हणून पुन्हा कामाला लागलात आणि माझं बोलायचं तसंच राहिलं. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमच्याकडे तबला दुरुस्तीला टाकणाऱ्यांनाही कळू दे, त्या दुकानात आणखी काय होतं ते.

संगीताची पदवी म्हणजे तीन वर्षं नुसतं गायचं, असं आमच्या घरीसुद्धा वाटायचं. तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट पुरी करायची असतात आणि त्यात गाण्याबरोबर भाषेचे पेपर येतात, पर्यावरण येतं. रागांची तुलना लिहायची. बंदिशी स्वरलिपीत उतरवायच्या, त्याही दोन पद्धतींनी. भातखंडे पद्धतीत समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गुणाकाराची खूण आणि खालीला, म्हणजे टाळी न देता हात बाजूला न्यायच्या मात्रेला, शून्य. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकचं चिन्ह. पहिल्या वर्षी माझ्या वहीत दोन्हींची सरमिसळ असायची. पण हे सगळं पाठ करून, घोटून जमतं. विलंबित ख्यालही रियाज केला की हळूहळू गळ्यात बसतो. मी अडकले ती लयकारीत, म्हणजे ताल तोच ठेवून गाणं दुप्पट, तिप्पट, चौपट वेगानं म्हणण्यात. चौताल या तालातलं ध्रुपद, म्हणजे जुन्या धाटणीची बंदिश, हातावर टाळी-खाली दाखवत दुगुन, तिगुन, चौगुनीत म्हणायचं असतं. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात माझी चौगुन समेच्या पुढं निघून गेली. पुन्हा म्हणायला सांगितलं, पुन्हा गेली. तो विषय राहिला.

त्या जुलैत मी डग्गा घेऊन तुमच्याकडं आले. पंचगंगेचं पाणी चढत होतं, आठवडाभर ऊन नव्हतं आणि पुडी ओल धरून सैल पडली होती. तुम्ही डग्गा बघितला आणि मग माझ्याकडं बघून विचारलंत, "तुझं काय बिघडलंय?" मी रडतच सगळं सांगितलं. "म्हण बघू," म्हणालात.

मी म्हटलं. तुम्ही हातोडी खाली ठेवून फक्त माझा हात बघत होता. गाण्याकडं तुमचं लक्षच नाही असं मला वाटलं होतं. एकदाच ऐकून तुम्ही जे सांगितलंत, ते दोन वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चौतालाच्या मात्रा, म्हणजे ठोके, १२. समेपासून उठणारी बारा मात्रांची ओळ दुगुनीत सहा मात्रांत बसते, म्हणून सातव्या मात्रेवर उचलायची. तिथं खाली आहे, हात आपोआप सांगतो. तिगुन चार मात्रांची, ती नवव्यावर उचलायची. तिथं टाळी आहे. चौगुन तीन मात्रांची, म्हणजे दहाव्यावर. आणि दहाव्यावर टाळीही नाही, खालीही नाही. माझा हात अकराव्याच्या टाळीची वाट बघायचा आणि गळा हाताच्या मागनं जायचा. एक मात्रा तिथंच हुकत होती.

"आकडं सोड, ठेका ऐक," म्हणालात. ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल, आणि चौतालात दहाव्या मात्रेचा बोल 'कत'. "तिटच्या पुढं कत आला की तुझं दार उघडलं. तिथनं आत शिर."

मग पाच-सहा आठवडे तुम्ही मला गाऊच दिलं नाहीत. रोज संध्याकाळी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसता ठेका म्हणायचा: धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. तुम्ही पुडीवरची काळी शाई घोटत असायचा. दगडाची ती घासघास चालू असताना माझा 'कत' जरा पुढंमागं झाला की दगड थांबायचा. मान वर न करता, एक शब्द न बोलता. दगड थांबला की मी पहिल्यापासून. गिऱ्हाईक आलं तरी म्हणणं थांबवायचं नाही, ही तुमची अट. परीक्षकांसमोर बसले तेव्हा भीती वाटली नाही, ती त्या अटीमुळं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. शास्त्राच्या पेपरसाठी मी जयपूर-अत्रौली घराण्याची टिपणं पाठ केली होती. अल्लादिया खाँसाहेब, १८५५ ते १९४६, शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. आणि वैशिष्ट्यांमध्ये 'लयीशी घट्ट बांधलेली गायकी'. हे मी कोल्हापुरात राहून, देवल क्लब या संगीतसंस्थेवरून रोज येजा करून, अर्थ न कळता लिहीत होते. तुमच्याकडं बसायला लागल्यावर एका रात्री खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांचं ध्वनिमुद्रण लावलं आणि तान समेला आपण होऊन येत नाही, मात्रेमात्रेला पाय टेकत येते, हे पहिल्यांदा कानाला कळलं. मी ते तीनदा ऐकलं. त्या पेपरात मी ते माझ्या शब्दांत लिहिलं.

तुम्ही फी घेतली नाहीत. आईनं दिलेला डबा तेवढा ठेवून घ्यायचात आणि दुसऱ्या दिवशी धुऊन परत द्यायचात, कधी आत दोन पेरू घालून. डग्ग्याचे पैसेही पुडीपुरतेच घेतलेत. हे मी विसरणार नाही, काका.

परीक्षेत साथीला तबला होता. 'कत' आला, मी आत शिरले आणि समेवर आले. समोरच्या बाईंनी मान हलवली. मला त्या क्षणी तुमचा दगड ऐकू आला, तो थांबला नव्हता.

ते ध्रुपद तुम्ही माझ्याकडनं सबंध कधीच ऐकलं नाहीत. रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी येते. तुमचा तो जुना पखवाज तेवढा कणीक लावून तयार ठेवा.

तुमची,
स्टुलावरची पोरगी