१, २ आणि ३१ तारखेचे व्यापारी

कराड,
१२ ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या ऑफिसात नुकताच लागलेला बी.कॉम. झालेला मुलगा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-८ दाबून विक्रीचे बिल झटक्यात करतो, पण गिऱ्हाइकाकडून आलेली आगाऊ रक्कम कोणत्या बाजूला दाखवायची असे विचारले की तोंडाकडे बघत राहतो, हे वाचून मी आधी रागावलो, कारण अशी मुले तुमच्याकडे पाठवण्याचे काम माझेच आहे. राग ओसरल्यावर मात्र तुझी तक्रार रास्त वाटली. तुझा रोख टॅलीवर आहे, तो मला मान्य नाही. चुकतो तो आमचा शिकवण्याचा क्रम.

परवाचेच उदाहरण सांगतो. मुलांना एका काल्पनिक कापड दुकानाच्या आरंभीच्या शिलका दिल्या होत्या : भांडवल ५,००,०००, रोख २०,०००, बँक १,८०,०००, माल २,५०,००० आणि फर्निचर ५०,०००. एका मुलाने फर्निचर टाकलेच नाही. टॅलीने ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस’ (आरंभीच्या शिलकांतला फरक) या नावाने ५०,००० दाखवले आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या. त्याने प्रिंट काढून आणली आणि म्हणाला, “सर, जुळला.” ती ओळ कसली, असे विचारल्यावर थोडा विचार करून त्याने उत्तर दिले, “इतर मालमत्ता असेल.”

आपल्या वेळी हे शक्यच नव्हते. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाजूंची बेरीज, जुळत नसली की एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली असेल म्हणून आपण रात्री खोलीवर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायचो आणि फरकाला ९ ने भाग गेला की आकड्यांची उलटापालट कुठे झाली ते धुंडाळायचो. ४५० चे ५४० झालेले सापडले तेव्हा तू खाणावळवाल्यालाही उठवले होतेस! आता नावे आणि जमा सारखे नसतील तर व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, सेव्हच होत नाही. त्यामुळे तेरीज जुळतेच, आणि जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असा मुलांचा समज होतो. यंत्रदुरुस्तीचा खर्च मालमत्ता म्हणून यंत्राच्या खात्यात गेला किंवा मालकाच्या घरखर्चाची उचल धंद्याच्या ‘इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस’ (अप्रत्यक्ष खर्च) या गटात टाकली, तरी टॅली काही बोलत नाही. नवीन लेजर (खाते) उघडताना ‘अंडर’पुढे कोणता गट निवडायचा, ते २८ तयार गटांतून ठरवणे, हाच खरा हिशेबशास्त्राचा प्रश्न असतो, आमची मुले तिथे समोर दिसेल त्यावर एंटर मारतात.

म्हणून यंदा मी पहिले दोन आठवडे २४ संगणक बंदच ठेवले. प्रत्येक व्यवहार आधी वहीत लिहायचा, ताळेबंदातले कोणते दोन आकडे बदलतील तेही लिहायचे, आणि मगच तो टॅलीत टाकून ताडून पाहायचा, असा नियम केला. मुले कुरकुरली. एका पालकांनी येऊन, फी संगणकाची भरली आहे, असे मला ऐकवलेही.

दुसरी एक गंमत. आमच्याकडे टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे शिकण्यापुरत्या विनापरवाना रूपात, चालते, आणि त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना व्हाउचर टाकता येते. आमचे सगळे व्यापारी १ तारखेला खरेदी करतात, २ तारखेला विकतात आणि ३१ ला पगार वाटतात. एका मुलीने विचारले, “सर, मधले दिवस दुकान बंद असतं का?” वर्ग हसला, पण मला तो प्रश्न लागला, कारण २८ मार्चला दिलेला चेक ३ एप्रिलला वटला, हे मधल्या दिवसांचे भान नसेल तर आपली वही आणि बँकेचे स्टेटमेंट यांतला फरक उलगडणारे बँक जुळवणी पत्रक कशासाठी करायचे, हेच कळत नाही.

ते पत्रक मी आता एक्सेलमध्ये करून घेतो. बँकेचे स्टेटमेंट उतरवून घेतले तर कधी कधी आकडे मजकूर म्हणून येतात, चौकटीत डावीकडे चिकटतात आणि बेरीज शून्य येते. मुले मग मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज करून उत्तर टंकतात. तीन चौकटींत १०, १०, १० आणि खाली बेरीज ३१ दिसली, तेव्हा संगणक बिघडल्याचे एकाने जाहीर केले. प्रत्येक चौकटीत खरे १०.४० होते, दशांश फक्त लपवले होते.

त्या दिवशी मी फळ्यावर सहा महिन्यांचा अंदाजपत्रकाचा तक्ता काढला आणि जानेवारीची विक्री बदलून पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा मांडायला लावले. चौथ्या वेळी मुले वैतागली. मग सांगितले की हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना डॅन ब्रिकलिनला अशीच फळ्यावरची खाडाखोड पाहून कल्पना सुचली आणि त्यातूनच १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हे वैयक्तिक संगणकावरचे पहिले स्प्रेडशीट, म्हणजे एक आकडा बदलला की सूत्राने बाकीचे आपोआप बदलणारा तक्ता, बाजारात आले. त्यानंतर सूत्राच्या जागी उत्तर टंकणारे कमी झाले, संपले नाहीत.

चुकलेली नोंद पुसून टाकण्याची सवय मात्र अजून मोडता आलेली नाही. वहीत आपण खोडरबर लावत नव्हतो, दुरुस्तीची नोंद करत होतो. इथे ऑल्ट-डी दाबले की व्हाउचर नाहीसे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले आहे, हे मी सांगतो, पण मुलांना तो परीक्षेतला एक मुद्दा वाटतो. तुझ्या तोंडून ऐकले तर फरक पडेल.

तेव्हा माझे एक काम कर. पक्षकारांची नावे आणि नंबर काढून टाकून एखाद्या छोट्या दुकानाची एका महिन्याची खरी कागदपत्रे मला पाठव : बिले, चेकबुकाची अर्धुके, बँकेचे स्टेटमेंट, चुरगळलेल्या पावत्यासुद्धा. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस इकडे ये आणि मुलांनी केलेले हिशेब त्यांच्यासमोर बसून तपास. माझ्याइतका सौम्य राहू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना खोलीसोबती