मुख्य कारखान्याबाहेरचे बेरोजगार

मा. संपादक,

परदेशी कंपनी आपले येथील उत्पादन गुंडाळते तेव्हा बेरोजगारांचा जो आकडा छापून येतो, त्यात कोल्हापूरचा कामगार नसतो. तळेगावच्या जनरल मोटर्स कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील मोटारनिर्मिती बंद करण्याचे जाहीर केले. दोन्ही वेळी चर्चा झाली ती मुख्य कारखान्यांतील कामगारांच्या भरपाईची. ती रास्तच होती, परंतु तेवढ्यावर थांबणे बरोबर नव्हते.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्या (धातूच्या ओतकामाचे कारखाने) वाहन कंपन्यांसाठी कास्टिंग, म्हणजे ओतीव सुटे भाग, करतात. प्रत्येक भागाचा पॅटर्न व कोअर बॉक्स (ओतकामाचे साचे) आणि मशीन शॉपमध्ये भाग पकडून ठेवणारे फिक्स्चर त्या भागापुरतेच असल्याने शेड्यूल, म्हणजे कंपनीची ठरलेली मागणी, बंद झाले की ते भंगारात जमा होतात, संगणकचलित सीएनसी मशीनच्या कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो. मी ज्या मशीन शॉपचा हिशेब पाहतो तेथे एका ग्राहकाने हात आखडता घेताच प्रथम ओव्हरटाइम बंद झाला, मग रात्रपाळी गेली आणि शेवटी ठेकेदाराच्या माणसांना उद्यापासून येऊ नका, असे तोंडी सांगण्यात आले.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार कपात झालेल्या कामगारास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन देय होते. पण त्यासाठी वर्षात २४० दिवस काम भरावे लागे आणि ठेकेदाराकडील खाडे-खंड पाहता ते सिद्ध करणार कोण? २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तर कपातीसाठी सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यांपासून लागू केली. आपल्याकडील बहुतेक युनिट्स या दोन्ही आकड्यांच्या खालीच आहेत.

कंपनीने कोठे उत्पादन करावे हा तिचा प्रश्न आहे. वीजदरावरून कर्नाटकात जाण्याचा इशारा आपल्याच उद्योजकांनी दिलेला असल्याने आपण फार आवाज चढवू नये. परंतु ज्या मोठ्या प्रकल्पांना राज्य शासन सामूहिक प्रोत्साहन योजनेतून सवलती देते, त्यांच्याशी करार करतानाच उत्पादन थांबवण्यापूर्वी पुरवठादारांना किमान सहा महिन्यांची लेखी सूचना आणि पडून राहणाऱ्या टूलिंगची (वरील पॅटर्न, फिक्स्चर इत्यादींची) भरपाई, या अटी घालता येतील. जिल्हा उद्योग केंद्रानेही अशा वेळी येथील किती माणसे कामावरून कमी झाली, याची ठेकेदारांकडील हजेरीपत्रकांवरून नोंद घ्यावी.

– एक वाचक, कोल्हापूर